मिरजेतली पथ्याची खानावळ, २० दिवस जेवून लिहितोय

खानावळीचं नाव यात नाहीये, आधीच सांगून ठेवतो. लिहू का म्हणून विचारलं तेव्हा खानावळ चालवणाऱ्या सिस्टर, म्हणजे जुन्या नर्स, म्हणाल्या लिही की, पण नाव घालू नको, आमच्याकडनं दिवसाला साठ डबे निघतात, उद्या नव्वद माणसं आली तर कुणाच्या तरी डब्यात चुकून मीठ पडेल आणि ते ज्याच्या पोटात जाईल त्याला मी काय सांगू. त्यामुळे नाव नाही आणि पत्ता पण नाही. मिरजेत पेशंट घेऊन गेलात आणि जेवणाचा प्रश्न पडला तर वॉर्डातल्या जुन्या मावश्यांना विचारा पथ्याचा डबा कुठं मिळतो, त्या सांगतात. मला पण तसंच कळलं.

आमचं गाव जत तालुक्यात, मी पुण्यात नोकरीला, आई गावी एकटीच. जुलैत पहाटे मोरीतनं बाहेर येताना ओल्या फरशीवर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७१, शुगर पंधरा वर्षांपासून, इन्सुलिन चालू. कुठं न्यायचं हा प्रश्न आमच्याकडं कुणाला पडतच नाही, हाडाचं असो नाहीतर काळजाचं, गाडी मिरजेलाच वळते, आणि आम्हीच नाही, अथणी रायबाग विजापूरकडची माणसं येतात, कोकणातनं घाट चढून येतात. ह्याची सुरुवात १८९४ ची आहे, त्या साली डॉ. विल्यम वानलेस ह्या मिशनरी डॉक्टरनं इथं दवाखाना उघडला आणि मग एकाचे दोन दोनाचे चार होत अख्खं गावच दवाखान्यांचं झालं. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी लागते ती त्यांच्याच नावाची, बसमधनं शंभर वेळा गेलो असेन तिथनं.

आईच्या खुब्याचा बॉल बदलला, ऑपरेशन चांगलं झालं पण शुगर काही खाली येईना आणि टाक्यातनं पाणी यायला लागलं, आठ दिवसांचे तेवीस दिवस झाले. जिथं ॲडमिट होतो तिथल्या कँटीनमधनं पहिले तीन दिवस डबा घेतला. डायबेटिक आहे म्हणून सांगितलेलं असताना डब्यात भाताचा ढीग, बटाट्याची भाजी आणि एका वाटीत शिरा. विचारायला गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला शिरा गुळाचा आहे, साखर नाही त्यात. त्याच्यावर काय चिडायचं, त्याला कुणी शिकवलेलंच नाही. पण पेशंट आपली आई असते, आणि रात्री दोन वाजता शुगर तीनशेच्या वर गेली की आपल्याला झोप येत नाही. सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशींनी तो डबा बघितला आणि म्हणाल्या हे काय खायला घालताय म्हातारीला, सिस्टरकडं जावा की.

तर ही सिस्टरची खानावळ. जुनं कौलारू घर, पुढं दोन खोल्या, मागं परसात मोठी चूल आणि गॅसच्या तीन शेगड्या. पाच टेबलं आहेत, वीस माणसं बसतात. बोर्ड मराठी आणि कानडी दोन्हीत, "येथे पेशंटचे जेवण डॉक्टरांच्या पथ्याप्रमाणे मिळेल". सिस्टर मिशनच्या दवाखान्यात ३१ वर्षं नर्स होत्या, काका रेल्वेतनं रिटायर. सिस्टर स्वयंपाक बघतात, काका वही आणि डबे बघतात, दोन बायका भाकरीला, एक पोरगा सायकलवरनं डबे पोचवायला. दोघं ख्रिस्ती आहेत, आम्ही पण ख्रिस्तीच, पण हे मला चौथ्या दिवशी कळलं. काकांनी जाताना "सलाम" म्हटलं आणि मी चमकून मागं बघितलं, कारण आमच्याकडं मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एकमेकांना सलामच म्हणतात. त्याच्या आधी तीन दिवस मी तिथं फक्त एक गिऱ्हाईक होतो, तरी वागणूक पहिल्या दिवसापासून हीच होती, हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

पहिल्या दिवशी मी गेलो आणि म्हटलं एक डायबेटिक डबा द्या. सिस्टर म्हणाल्या असा डबा नसतो आमच्याकडं, फाईल आण. मला वाटलं जेवणाला फाईल कशाला, पण परत गेलो, फाईल घेऊन आलो. त्यांनी चष्मा लावून सगळी बघितली, शुगरचे आकडे, क्रिएटिनिन किती आहे, पोटॅशियम किती, कुठल्या गोळ्या चालू, इन्सुलिन किती वाजता देतात, दात आहेत का कवळी, गावाकडं काय खायची सवय आहे. शेवटचा प्रश्न मला कुठल्याच डॉक्टरनं विचारला नव्हता. मी म्हटलं ज्वारीची भाकरी आणि उसळ. म्हणाल्या मग आजारपणात तिला ब्रेड कशाला खायला घालताय. त्या संध्याकाळी आईला ज्वारीची पातळ भाकरी, दुधात नाही, मुगाच्या कटात कुस्करून, दोडक्याची भाजी, आणि एक उकडलेलं अंडं गेलं, हाड भरून यायला प्रोटीन लागतं म्हणून. आईनं चार दिवसांनी पहिल्यांदा ताट पुसून खाल्लं.

किचन बघायला मिळालं म्हणून दोन-तीन गोष्टी लिहितो, ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांना उपयोग होईल. किडनीवाल्यांची भाजी वेगळी होते, नुसती अळणी करून भागत नाही. भाजी सोलून बारीक चिरायची, कोमट पाण्यात दोन तास ठेवायची, ते पाणी टाकायचं, मग नव्या पाण्यात उकडायची आणि ते पण पाणी टाकायचं, म्हणजे पोटॅशियम बरंच निघून जातं. एक नातेवाईक दुकानातनं लो सोडियम मीठ घेऊन आला होता, वडिलांचं डायलिसिस चालू, त्याला वाटलं कमी सोडियम म्हणजे चांगलं. सिस्टरनी ते पाकीट हातातनं काढूनच घेतलं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, किडनीच्या पेशंटला ते धोक्याचं. सैंधव चालतं की असं म्हणणारे तर रोज एकदोन येतात, सैंधव पण मीठच. रक्त पातळ व्हायच्या काही गोळ्यांवर जे पेशंट असतात त्यांना एक दिवस पालकाची मोठी वाटी आणि चार दिवस काहीच नाही असं करायचं नाही, हिरव्या भाजीचं प्रमाण रोज सारखं ठेवायचं, नाहीतर गोळीचा डोस हलतो. हे सगळं डॉक्टरला विचारूनच करा, मी फक्त बघितलेलं लिहितोय. सांगायचं हे की साठ रुपयांच्या डब्यामागं एवढा विचार होता. नळीतनं खाणाऱ्या पेशंटसाठी मुगाचं पाणी दोनदा गाळलेलं, एकदा चाळणीतनं, एकदा स्वच्छ फडक्यातनं, कारण एक कण अडकला तरी नळी चोक होते, मग ती काढून परत घालायची, आणि ते दुखणं त्या माणसाचं. सिस्टर ते फडकं रोज स्वतः उकळायच्या, दुसऱ्या कुणाला देत नव्हत्या.

मी लहानपणी संडे स्कूलला बायबलमधल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय पाठ केलेला, प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, बक्षीस पण मिळालं होतं, पेन्सिलींचा डबा. त्यात शब्द प्रेम असा नाही, प्रीती असा आहे. लहानपणी मला वाटायचं प्रीती म्हणजे चर्चमधली भाषा, रविवारी बोलायची आणि सोमवारी ऑफिसला जाताना घरी ठेवायची, कारण बसमध्ये, बँकेत, कँटीनमध्ये तो शब्द कुणी वापरत नाही. चाळिशीला आलोय मी. प्रवचनं किती ऐकली असतील मोजता येणार नाही. पण ते फडकं उकळताना बघितलं आणि मला पहिल्यांदा वाटलं की हा शब्द ह्याच कामासाठी आहे. त्या नळीवाल्या पेशंटला सिस्टरनी कधी बघितलेलं पण नव्हतं, चिक्कोडीकडचा माणूस, बेशुद्ध. त्याला कळणार नव्हतं की पाणी एकदा गाळलंय का दोनदा.

आता जेवणाबद्दल. साधी थाळी ८० रुपये, दोन भाकरी नाहीतर तीन चपात्या, एक पातळ भाजी, एक सुकी, आमटी, भात, ताक. चव घरची, आमटी आपल्या भागातली काळ्या मसाल्याची पण तिखट बेताचं. शेंगदाण्याची चटणी मागाल तेवढी. पेशंटचा डबा ६०, पेज २०, गरम पाणी फुकट, थर्मास नसेल तर देतात आणि वहीत लिहून घेतात. पेज विशेष सांगण्यासारखी, तांदूळ जरासा भाजून भरडून केलेली, वरनं जिऱ्याची चव, आईला मळमळ होती त्या दोन दिवसांत फक्त तीच पोटात राहिली. सकाळी सहाला पहिली पेज निघते, रात्री साडेआठला शेवटचा डबा. रविवारी सकाळी उपासनेला जातात म्हणून खानावळ साडेबाराला उघडते, पण पेशंटचे सकाळचे डबे रविवारी पण जातात, त्यासाठी त्या दिवशी चार वाजता उठतात.

खानावळ पूर्ण शाकाहारी, अंडी तेवढी परसात वेगळ्या शेगडीवर वेगळ्या भांड्यात. मला आश्चर्य वाटलं कारण ख्रिस्ती घर आणि रविवारी मटण नाही असं मी कुठं बघितलं नाही. विचारलं तर काका म्हणाले आम्ही खातो की, घरात खातो, इथं शिजवत नाही, इथं शिरोळ-कुरुंदवाडकडची जैन माणसं येतात, लिंगायत येतात, त्यांच्या घासाला शंका नको. मला लगेच ते पत्र लिहिणारा पौल आठवला. करिंथच्या मंडळीत देवळातल्या बळीच्या मांसावरून वाद चाललेला, तेव्हा त्यानं लिहिलं की माझ्या खाण्यानं भावाला ठेच लागत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. त्यावर मी तासातासाची प्रवचनं ऐकलीत, कोण दुर्बळ कोण सबळ. इथं त्याचा अर्थ वेगळी शेगडी. एक जैन आजोबा होते, बायको आयसीयूत, ते सूर्यास्तानंतर जेवत नाहीत आणि आयसीयूची भेटायची वेळ संध्याकाळी सहा ते सात, म्हणजे पावसाळ्यातल्या त्या दिवसांत भेटून आलं की जेवणाची वेळ संपलेली. दोन दिवस ते उपाशी झोपले, कुणाला बोलले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून त्यांचं ताट साडेपाचला तयार असायचं, कांदा लसूण बटाटा नाही, आणि काका स्वतः त्यांना आयसीयूच्या बाकावरनं उठवून आणायचे, चला, अजून वेळ आहे.

वहीबद्दल लिहायला पाहिजे. रोख द्या, फोनवरनं द्या, नाहीतर वहीत लिहा, डिस्चार्जच्या दिवशी हिशेब. मला आधी वाटलं एवढं उधार देतात म्हणजे बुडत असेल. बुडतं पण, काका सरळ सांगतात, सगळं परत येत नाही. पण फुकट कुणाला देत नाहीत, हे पण सांगतो, कारण आपल्याकडं ख्रिस्ती प्रीती म्हटलं की माणसांच्या डोळ्यापुढं लगेच फुकट वाटप येतं. काका म्हणाले फुकट दिलं की माणूस दुसऱ्यांदा येत नाही, लाजतो, उपाशी राहतो पण येत नाही. वहीत नाव लिहिलं की तो गिऱ्हाईक होतो, ताठ बसून जेवतो, भाकरी कडक झाली म्हणून तक्रार पण करतो, करू दे.

बायबलमध्ये लूकच्या दहाव्या अध्यायात चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे, माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, रस्त्यात लुटून अर्धमेला करून टाकलेला माणूस, याजक म्हणजे पुजारी बघून पलीकडनं गेला, मंदिरात सेवा करणारा लेवी पण गेला, आणि ज्याच्याशी त्यांचं पटत नव्हतं त्या जातीचा एक शोमरोनी थांबला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेलं. आपण दरवेळी त्या शोमरोन्यावरच बोलतो. पण दुसऱ्या दिवशी तो निघून गेला ना, कामं असतील त्याची. जाताना त्यानं उतारशाळेवाल्याला दोन नाणी दिली आणि म्हणाला ह्याची काळजी घे, वर जो खर्च होईल तो मी परत येताना देईन. म्हणजे खातं लिहून ठेव म्हणाला. मग पुढचे दिवस त्या जखमी माणसाला पेज कोणी पाजली, रात्री पाणी कोणी दिलं, अंथरूण कोणी बदललं, ते सगळं त्या उतारशाळेवाल्यानं, आणि तो तर धंदा करणारा माणूस होता, पैसे घेत होता, अनोळखी माणसाच्या शब्दावर उधारी लिहून घेतली त्यानं. त्याच्याबद्दल त्या गोष्टीत आणखी एक ओळ नाही. मी वीस दिवस काकांच्या वहीच्या शेजारी बसून जेवलो तेव्हा हे डोक्यात आलं, त्याआधी चाळीस वर्षं ती गोष्ट ऐकून नाही आलं. आणि त्याच अध्यायात पुढं लगेच मार्था आणि मरीया येतात, मरीया प्रभू येशूच्या पायाशी ऐकत बसलेली आणि मार्था स्वयंपाकात गुंतलेली, ती तक्रार करते तर प्रभू तिलाच बोलतो. सिस्टरना विचारलं तुम्हाला मार्थाबद्दल काय वाटतं. भाजी चिरता चिरता म्हणाल्या, तिला बोलला ना प्रभू, पण जेवला असेल की त्या दिवशी तिच्याच हातचं.

अथणीकडची एक बाई होती, तिचा नवरा आमच्या समोरच्या वॉर्डात, ॲक्सिडेंट, मराठी तिला फार येत नव्हतं, काकांना रेल्वेमुळं कानडी येतं. अकराव्या दिवशी पहाटे तो गेला. ती एकटी होती, भाऊ गाडी घेऊन यायला दुपार होणार होती. नऊच्या सुमाराला ती खानावळीत आली, पदरात पैसे बांधलेले, हिशेब विचारायला. अशा वेळी तिला हिशेब आठवला ह्याचं मला फार वाईट वाटलं, माझ्या घशाखाली घास उतरेना. काकांनी वही काढली, तिचं पान काढलं, पानावर आडवी रेघ मारली आणि तिला कानडीत काहीतरी सांगितलं, मला एवढंच कळलं की संपलं, काही राहिलेलं नाही. मग तिला आत नेलं, सिस्टरनी तिला नुसतं धरून बसवलं, बरंच वेळ. प्रार्थना वगैरे काही मोठ्यानं नाही. मग ताक पाजलं बळंच. निघताना भाकरी आणि चटणीची पुरचुंडी दिली, भावासाठी आणि ड्रायव्हरसाठी, कारण ते सकाळपासनं गाडीत होते आणि मयताच्या गाडीवाल्याला जेवायचं कुणी विचारत नाही. त्या ड्रायव्हरचा विचार माझ्या डोक्यात आला नसता, खरं सांगतो.

आता तक्रार. रिव्ह्यू म्हणून लिहितोय तर ही लपवायची नाही, आणि सिस्टरनी पण सांगितलं की लिहिणार असशील तर ते पण लिही.

चौदाव्या दिवशी रात्रीचा डबा उशिरा आला. नेहमी साडेसातला यायचा, वॉर्डातली नर्स सव्वासातला इन्सुलिन द्यायची. त्या दिवशी इन्सुलिन झालं, पावणेआठ झाले, आठ झाले, डबा नाही, फोन लागेना. आई एकदम घामाघूम, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. शुगर बघितली तर ५८. नर्सनं ताबडतोब ग्लुकोज पाजलं, पंधरा मिनिटांत आकडा वर आला, आई सावरली, पण ती पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. सव्वाआठला डबा घेऊन पोरगा आला, सायकल पंक्चर झाली म्हणून चालत आलेला, भिजलेला. मी त्याच्यावर नको नको ते ओरडलो, सगळ्या वॉर्डासमोर, मग तरातरा खानावळीत गेलो आणि तिथं पण ओरडलो, माणसं जेवत होती. म्हटलं एवढं पथ्य पथ्य करता, माझी आई गेली असती तर.

सिस्टर एक शब्द मधे बोलल्या नाहीत. माझं झाल्यावर म्हणाल्या, "माझी चूक आहे. पोराची नाही, सायकलची नाही. इन्सुलिनचा डबा आधी निघायला पाहिजे हे मला माहीत आहे, ३१ वर्षं मी तेच काम केलंय, आणि आज मी सगळे डबे एकदम पाठवले." पंक्चरचं कारण आयतं होतं, पण त्यांनी ते घेतलं नाही. चप्पल घातली आणि पावसात माझ्याबरोबर वॉर्डात आल्या, आईच्या पायाशी उभ्या राहून म्हणाल्या आक्का, माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला, मला माफ करा. आईला अवघडल्यासारखं झालं. मग नर्सला विचारून रात्री झोपताना काय द्यायचं ते ठरवलं, परत जाऊन अर्धी भाकरी आणि दूध घेऊन आल्या, आईनं खाल्लं, तासाभरानं शुगर परत बघेपर्यंत तिथंच स्टुलावर बसून राहिल्या. साठीच्या पुढची बाई, पहाटे चारपाचला उठणारी, रात्री पावणेअकरापर्यंत.

दुसऱ्या दिवशी गेलो तर बदल झालेला. इन्सुलिनवाल्या सगळ्या डब्यांना लाल रबर, ते वेगळ्या पिशवीत, पहिल्या फेरीत, आणि काका स्वतः स्कूटरवरनं नेणार. भिंतीवर कागद, कुठल्या वॉर्डात किती वाजता इन्सुलिन देतात. आणि सिस्टरनी माझ्याकडं परत एकदा माफी मागितली, सगळे जेवत असताना, कारण मी सगळ्यांसमोर बोललो होतो म्हणून माफी पण सगळ्यांसमोर. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, कारण मी त्या पोराला जे बोललो होतो त्याची माफी मी मागितलेली नव्हती. त्या दिवशी मागितली. तो म्हणाला जाऊ द्या दादा, तुमची आई हाय. सतरा-अठरा वर्षांचं पोरगं.

मी माझ्या आयुष्यात मंडळीतली भांडणं पुष्कळ बघितलीत. ट्रस्टवरनं, निवडणुकीवरनं, कोर्टात गेलेली. एकमेकांना वचनं दाखवत भांडणारी माणसं. माझी चूक आहे हे तीन शब्द कुणाच्या तोंडून ऐकले नाहीत. त्यामुळे ह्या खानावळीला चुकीचे मार्क कापायचे म्हटलं तर कापतो, ती चूक गंभीरच होती, जीवावर बेतली असती. पण चुकीनंतरचे चोवीस तास मी बघितलेत आणि त्याचे मार्क मला देता येत नाहीत एवढे आहेत.

काही जण विचारतील म्हणून सांगतो, धर्माचं काही सांगतात का. नाही. भिंतीवर एक बायबलच्या वचनाचं कॅलेंडर आहे आणि सिस्टर काम करताना रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं गुणगुणतात, आमच्या उपासनेत म्हणतो तीच. टिळकांना जाऊन शंभरावर वर्षं झाली, १९१९ साली गेले, पण मिरजेच्या त्या चुलीपाशी ती चाल जिवंत आहे. कुणी स्वतःहून म्हटलं आमच्यासाठी प्रार्थना करा तर करतात, दोन मिनिटं, हळू आवाजात, नाव घेऊन. एक गृहस्थ पहिल्या दिवशी कॅलेंडर बघून ताटावरनं उठून गेले होते, काकांनी त्यांना अडवलं नाही, काही बोलले पण नाहीत. त्यांच्या भावाचं ऑपरेशन झाल्यावर अळणी डबा कुठंच मिळेना म्हणून पाच दिवसांनी ते परत आले, मी तिथंच होतो. काकांनी फाईल मागितली.

बाकी गैरसोयी सांगतो. गाडी लावायला जागा नाही, गल्ली अरुंद. दुपारी एकला गेलात तर अर्धा तास उभं राहायची तयारी ठेवा, आधी पेशंटचे डबे आणि मग आपण, ह्यात कुणाची ओळख चालत नाही. चहा अगदी फिक्का. पावसात पुढच्या खोलीत एका कोपऱ्यात गळतं, तिथं बादली ठेवलेली असते, ते टेबल टाळा. ॲपवरनं ऑर्डर होत नाही. पेशंटसाठी लोणचं-पापड मागू नका, बोलणी खाल, मी खाल्ली. आणि फाईल दाखवायची नसेल तर पेशंटचा डबा मिळणार नाही, कितीही घाई असू दे.

डिस्चार्जच्या दिवशी हिशेबाला गेलो. पान उघडलं, सगळं ओळीनं लिहिलेलं, थर्मास परत आला त्याची पण खूण. चौदाव्या दिवसाच्या रात्रीच्या डब्यापुढं पैसे नाहीत, नुसतं "उशीर" असं लिहिलेलं. मी म्हटलं काका हे साठ घ्या, अंडं होतं त्यात, भाकरी होती. नाही म्हणाले. मी जरा जास्तीचे ठेवायला गेलो तर ते पण मोजून परत दिले, वही जुळायला पाहिजे म्हणाले.

आईला गल्लीच्या तोंडापर्यंत रिक्षानं आणलं आणि पुढं वॉकरवर धरून चालवत नेलं, तिला ते घर बघायचं होतं. खुर्ची उंच पाहिजे म्हणून काकांनी खुर्चीवर पाट ठेवला, वर चादरीची घडी. सिस्टरनी ताट वाढलं, ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, ताक. पोरगं दारात उभं राहून बघत होतं. आई म्हणाली तूच का रे तो, ये जेवायला, आणि तो खरंच शेजारी येऊन बसला. आईनं दीड भाकरी खाल्ली.